वहिनीचं बाळंतपण

लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हापासूनच वहिनी जिना चढताना मधे थांबायची. पहिल्या मजल्याच्या कठड्याला हात लावून ती खाली चौकात काहीतरी बघतेय असं दाखवायची. मी मागे असले तर म्हणायची, "वन्सं, तुम्ही व्हा पुढे. मी आलेच." गावची मुलगी, मुंबईचे जिने नवीन, असं आम्ही धरून चाललो. ती तिथे श्वास गोळा करत असायची हे कळायला सहा महिने गेले.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. वडील मी लहान असतानाच गेलेले. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, दादा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. मी वीस वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली, आणि त्याच जूनमध्ये मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळालेला. आमच्या मजल्यावरची मी पहिलीच. वहिनी वेंगुर्ल्याकडची, माझ्याहून वर्षाने लहान. मेमध्ये लग्न झालं आणि श्रावणात तिला दिवस राहिले.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दादा गिरणीतली पाळी सुटली की घरी यायचाच नाही. सभा, प्रभातफेऱ्या, पत्रकं वाटणं. आई म्हणायची, "ह्येचा लगीन कोणाशी झाला तां एकदा इचारूक व्हया." वहिनी यावर हसायची आणि हसता हसता खोकायची.

खोकला दिवाळीच्या सुमारास वाढला. पाय सुजले. आई म्हणाली, पहिलटकरणीचे सुजतातच. मग ती आडवी झोपेना. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून गादीची वळकटी पाठीशी घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि तशीच डोळे मिटायची. सकाळी उठून पाहावं तर ही बसलेलीच. एके दिवशी नळावरून कळशी आणताना तिला चक्कर आली. शेजारणीने धरली म्हणून बरं, नाहीतर गॅलरीतच कोसळली असती. त्या संध्याकाळी मी तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारा माणूस, बडबड्या. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि त्यांची बडबड थांबली. पुन्हा पाठीला लावली, कुशीवर वळायला लावून पुन्हा ऐकलं. मग चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "उद्याच परळच्या मोठ्या इस्पितळात न्या. परवा नाही, उद्या."

दुसऱ्या दिवशी आईने पाळी बुडवली आणि आम्ही तिघी गेलो. फोटो काढले, हातापायांना तारा लावून कागदाची पट्टी काढली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. चाळिशीच्या असतील, चेहऱ्यावर झोप नसल्याचं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी वहिनीला विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का ग? आज गुडघा, उद्या घोटा, असं?"

वहिनीने आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. म्हणाली, "हो. अकराव्या वर्षी. दोन महिने अंथरुणावर होते."

"आणि त्यानंतर कुणी सांगितलं होतं, हृदयात दोष आहे म्हणून?"

या वेळी आईकडे न पाहता ती म्हणाली, "हो."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. त्या तापाने हृदयातली एक झडप आकसली आहे. रक्त पुढे जायला पुरेशी वाट नाही, म्हणून ते मागे फुप्फुसांत तुंबतं. बाईला दिवस गेले की अंगातलं रक्त वाढतं, हृदयाला एरवीपेक्षा पुष्कळ जास्त काम पडतं. धडधाकट बाईला ते झेपतं. हिला सातव्या-आठव्या महिन्यात सगळ्यात जड जाईल. छातीत पाणी भरू शकतं. आईला श्वास पुरला नाही तर पोटातल्या मुलालाही पुरत नाही. ते खुरटतं, वेळेआधी येतं, कधी पोटातच जातं.

"मग आता?" आईने विचारलं.

"आधी आला असतात तर वेगळा विचार केला असता. आता मूल काढणं हेही ठेवण्याइतकंच धोक्याचं आहे. झडपेचं ऑपरेशन आपल्याकडे होऊ लागलंय, पण ते बाळंतपणानंतर बघू. आता फक्त विश्रांती. जिना नाही, पाणी भरणं नाही, धुणं नाही. मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद. ह्या गोळ्या, आणि दर आठवड्याला इथे दाखवायचं."

"जिना नाही, आणि दर आठवड्याला इकडे आणायची?" मी म्हणाले.

त्या पहिल्यांदा जरा हसल्या. "आठवड्यातून एकदा. बसत बसत."

घरी आल्यावर आईने पदर खोचला, मला वही-पेन काढायला सांगितलं आणि वहिनीच्या आईला पत्र लिहायला बसवलं. आमची खोली दहा बाय बारा. वहिनी माझ्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली होती. आई सांगत होती आणि मी लिहीत होते.

"लिही. आमका फसवल्यात. पोरगी दुखणेकरी असा ह्या म्हायत असान आमच्या गळ्यात बांधल्यात. लिवलंस?"

"लिहिलं."

"उद्या तिचा काय बरावाईट झाला तर लोक माका नावा ठेवतले. सासवेन पोरीक राबवून मारल्यान म्हणतले. ह्याचो जाब तुमी देवचो."

मी तसं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, 'मुलीच्या प्रकृतीबद्दल आधी कळले असते तर बरे झाले असते.' आईला वाचता येत नव्हतं. वहिनीला येत होतं. ती माझ्या वहीकडे बघत होती, तिने ते वाचलं. आईचं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "वन्सं, शेवटी माझ्याकडून चार ओळी घाला. म्हणावं, मी बरी आहे. बोटीने यायची घाई करू नकोस."

आई स्टोव्ह पेटवायला उठली.

ट्रेनिंग मी डिसेंबरात सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नाही. आई पाळीला गेली, दादा पाळीला आणि तिथून सभेला गेला, तर वहिनीजवळ कोण? पाणी कोण भरणार? प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणून उत्तरही कुणी दिलं नाही. एके सोमवारी मी गेले नाही, एवढंच. पहाटे नळावर नंबर लावायचा, दोन मजले चढून पिंप भरायचं, वहिनीला गॅलरीच्या टोकापर्यंत संडासला धरून न्यायचं आणि आणायचं, वाटेत दोनदा बसवायचं. तिच्यापुरतं अळणी वेगळं शिजवत होते, पण आठवड्याभरात दोन-दोन भांडी करायचा मला इतका वीट आला की सगळ्यांसाठीच अळणी करायला लागले. बाकीच्यांनी वरून मीठ घ्यावं. दादा म्हणाला, "जेवणाला चव नाही." मी म्हणाले, "मग तू कर." त्या घरात मी त्याच्याशी तोपर्यंत असं कधी बोलले नव्हते.

एका दुपारी मी वहिनीला विचारलंच. "तुला माहीत होतं. मग लग्न कशाला केलंस?"

ती गव्हातले खडे काढत होती. तेवढंच काम तिला करू द्यायचो. म्हणाली, "पंधराव्या वर्षी वेंगुर्ल्याच्या डॉक्टरने सांगितलं. आई म्हणाली, कुणाला बोलू नकोस, लग्न झालं की सगळं सुधारतं. तिच्या मावशीचं म्हणे सुधारलं होतं." मग एक खडा बाजूला टाकून, "मी सांगितलं असतं तर मला कुणी सून केली असती का, वन्सं? तुम्ही केली असती?"

मी खरं सांगितलं. "नाही."

"मग?" ती म्हणाली आणि पुन्हा खडे निवडायला लागली.

मीठ तोडल्याचा तिला फार त्रास व्हायचा. शेजारच्या खोलीत सुका बांगडा भाजायला घेतला की तिचे डोळे भरून यायचे. रोज एकच धोशा: एक तुकडा, वन्सं, नखाएवढा. दोन महिने मी नाही म्हणत होते. जानेवारीतल्या एका दुपारी माझं डोकं इतकं दुखत होतं, आणि तिचं पुटपुटणं थांबत नव्हतं, की मी शेजारणीकडून अख्खा बांगडा आणला आणि ताटलीत तिच्यासमोर ठेवला. "खा. खा आणि गप्प बस." तिने तो काट्यासकट चघळून खाल्ला. तिला जे झालं ते बांगड्याने झालं, की आठव्या महिन्याकडे सरकलेल्या पोटाने, की दादाच्या काळजीने, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंना मी ते कधी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि लालबाग-परळ रस्त्यावर आलं. गिरण्या बंद, ट्राम बंद, कर्फ्यू, गोळीबार. दादा दोन दिवस घरी नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खात्यातल्या एकाने येऊन सांगितलं की गिरगावात पकडला, जिवंत आहे, आत आहे. आईने त्याला चहा दिला आणि विचारलं, "गोळी नाय ना लागली?" "नाही." "मग ऱ्हवंदे."

त्या दुपारी वहिनीला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. ती उठून खिडकीकडे गेली, गजांना धरून उभी राहिली, जणू बाहेर जास्त हवा होती. ओठ निळसर पडले. छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता, मला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. मग तिने ओंजळीत काहीतरी थुंकलं आणि माझ्यापुढे धरलं. गुलाबी फेस.

मी डॉक्टरांच्या दवाखान्याकडे धावले. फळ्या लावलेल्या. परत आले तर आई गॅलरीत उभी राहून ओरडत होती, "बापयांनू, खय मेल्यात सगळे?" कर्फ्यूमुळे चाळीतले पुरुष घरातच होते. चौघे आले. आमची एक लाकडी खुर्ची होती, वडिलांची. तिच्यावर वहिनीला बसवलं, आईने सोडून दिलेल्या अंगावरच्या लुगड्याने खुर्चीला बांधलं, आणि चौघांनी चार पाय धरून ती दोन जिने खाली उतरवली. खाली चौकात केळेवाल्याने दगडफेकीच्या भीतीने हातगाडी आणून ठेवली होती. तिच्यावर गादी टाकली. तिला निजवता येईना, म्हणून आई गाडीवर चढून तिच्या पाठीला पाठ लावून बसली. टेकू म्हणून. दोघे गाडी ढकलायला आले, मी पुढे.

मोठ्या रस्त्याने जाणं शक्यच नव्हतं. आतल्या गल्ल्यांनी गेलो. डोळे चुरचुरत होते, हवेत धूर होता, त्या धुराने तिचा खोकला आणखी वाढला. एका नाक्यावर पोलिसांनी अडवलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. आईने गाडीवरून वळून न बघताच सांगितलं, "पोटुशी असा. मरता हा. सोडतलंस की हयच मारतलंस?"

तो हवालदार आमच्याकडचाच असावा. त्याने काठी बाजूला केली. "कडेकडेन जावा, मावशे," म्हणाला. "मधसून जावं नको."

इस्पितळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जखमी माणसं जमिनीवर झोपवलेली. पण कुणीतरी वहिनीचा चेहरा पाहिला आणि तिला लगेच आत घेतलं. दार उघडंच होतं, मला दिसत होतं. तिला पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवलं. दोन्ही मांड्यांना आणि एका दंडाला रबरी नळ्या आवळून बांधल्या, आणि थोड्या थोड्या वेळाने एक सोडून दुसरीकडे बांधत होते. हातापायांतलं रक्त तिथेच थोपवून हृदयावरचा भार कमी करायचा, असं मला मागाहून कळलं. इंजेक्शनं दिली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरला. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, तिच्या अंगावर नुसतं परकर-पोलकं आणि वर कुणाची तरी चादर, कारण लुगडं खुर्चीलाच राहिलं होतं. दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचली," म्हणाल्या. "मूलही हलतंय. पण आता ही बाळंत होईपर्यंत घरी जाणार नाही."

पुढचे दोन महिने मी रोज लालबागहून परळला चालत गेले. सकाळी स्वयंपाक, अळणी भाताचा डबा, दुपारी चार ते सहा भेटायची वेळ, परत येऊन पाणी आणि पुन्हा स्वयंपाक. गिरण्या सुरू झाल्यावर आई पाळीला जायची आणि पाळी सुटली की थेट इस्पितळात. दादा तीन आठवड्यांनी सुटून आला. चाळीने त्याच्या गळ्यात हार घातला. तो हार तो वॉर्डात घेऊन गेला. वहिनीने तो उशाशी ठेवला आणि त्याला विचारलं, "मार लागला का?" तो रडला. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या, तरी रडला. त्यानंतर तो रविवारी येत राहिला, पण सभाही सुटल्या नाहीत. मी त्याला दोष देत नाही. तेव्हा द्यायचे.

मी थकले होते. हे लिहायला सोपं वाटतंय, पण त्या वयात मला हा शब्दच वापरता येत नव्हता. घरातलं माणूस मरणाच्या दारात, आणि आपण दमलो म्हणायचं? मार्चच्या सुरुवातीला, भर उन्हात डबा घेऊन चालताना, माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं: संपू दे एकदाचं, कसंही संपू दे. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून येणाऱ्या बाईचा धक्का लागला. मग पुन्हा चालायला लागले, कारण चारची वेळ चुकली असती.

त्या दिवशी वहिनी तीन उशांना टेकून बसली होती. भात चिवडत म्हणाली, "वन्सं, तुम्हाला माझा कंटाळा येतो ना?"

"येतो," मी म्हणाले.

ती हसायला लागली. खरंच हसली, पोटावर हात ठेवून, नर्स रागावेपर्यंत. "मला पण येतो," म्हणाली. "कुणीतरी बोललं एकदाचं."

मग तिने उरलेला भात मला खायला लावला, कारण मी सकाळपासून जेवले नव्हते हे तिला कळलं होतं.

मार्चच्या मध्याला, दिवस भरायला महिनाभर असताना, तिला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धवट बसवूनच ठेवलं, जोर लावू दिला नाही, शेवटी चिमटा लावून मूल ओढून काढलं. मुलगी. साडेतीन पौंडांची. कापसात गुंडाळून मला दाखवली. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंतही नव्हती. रडलीसुद्धा मांजराच्या पिल्लासारखी. आईने हात जोडले. म्हणाली, "सुटलो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून नाही. आता खरं बघायचं. इतके दिवस बाळाकडे जाणारं रक्त आता एकदम हृदयाकडे परत येतं. एक-दोन दिवस फार जपायला हवं."

त्यांचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच आवाज, तसाच फेस, पुन्हा त्या रबरी नळ्या. पण या वेळी सगळं हाताशी होतं, आणि तासाभरात तिचा श्वास खाली बसला. त्या तासाभरात मी बाळाच्या खोलीबाहेर उभी होते. एका जाग्याहून दुसरीकडे जायचं त्राण माझ्यात नव्हतं, म्हणून मी वहिनीकडे गेलेच नाही.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि आईला बोलावलं. दुसरं मूल हिला झेपणार नाही. मूल होणं कायमचं बंद करायचं ऑपरेशन करता येईल, थोड्या दिवसांनी, प्रकृती बघून. नवऱ्याची सही लागेल. दादाने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. एकुलता एक मुलगा, त्याला एकच मुलगी, तीही साडेतीन पौंडांची, राहील न राहील. आई काय म्हणणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं असं आम्हाला वाटत होतं.

आई म्हणाली, "सही कर."

"आये, पण..."

"पण बिण काय नाय. नातू नाय झालो तर नाय झालो. परत ह्या सगळा करूक माझ्यात ताकद नाय. हिच्यात नाय," तिने माझ्याकडे बोट केलं, "आनि त्या पोरीत तर मुळीच नाय. सही कर."

दादाने सही केली.

बाळ महिन्याने घरी आलं, त्याच्या आईच्या आधी. वहिनीला अजून ठेवून घेतलं होतं. मी बाळाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होते, दर दोन तासांनी, आणि ते अर्धं बाहेर काढत होतं. शेजारणी येऊन म्हणायच्या, जगलं तर नशीब. मला त्यांचा राग यायचाही उरला नव्हता.

एप्रिलच्या शेवटी वहिनीची आई बोटीने आली. भाऊच्या धक्क्यावर दादा आणायला गेला. मी दारात उभी होते. आईच्या लेखी तिने सांगितलेलं ते पत्र जसंच्या तसं गेलं होतं. आता समोरासमोर काय होणार? वहिनीची आई दोन जिने चढून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. लहानखुरी बाई, हातात काजूची पिशवी. ती माझ्या आईच्या पायावर वाकायला लागली, विहीण असून.

आईने तिचा दंड धरला. "पाय धुवा आनि बसा. जेवूक वाढतंय."

आम्ही जेवायला बसलो. नेहमीसारखं अळणीच होतं. वहिनीची आई पहिल्या घासाला थांबली. आजूबाजूला पाहिलं, कुणीच काही म्हणत नव्हतं, सगळे खात होते. तिला कळलं असावं. तिने मीठ मागितलं नाही. जेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती. आई तिला वाढत होती.

जेवण झाल्यावर तिने बाळाला माझ्या मांडीवरून उचललं, बोळा हातात घेतला. "तू पड गो जरा," म्हणाली. मी भिंतीशी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. मधे कोण आलं, पाणी कुणी भरलं, मला काही माहीत नाही.

वहिनी मेमध्ये घरी आली. जिना नको म्हणून तळमजल्यावरच्या एका कुटुंबाशी आम्ही खोली बदलून घेतली. त्यांना वरचा वारा मिळाला, आम्हाला गटाराची ओल. जूनमध्ये मी ट्रेनिंगला परत गेले, माझ्याबरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. चार वर्षांनी वहिनीची झडप उघडायचं ऑपरेशन झालं. तोपर्यंत मी शाळेत लागले होते. आदल्या दिवशी ती म्हणाली, "ह्या खेपेला तुम्ही रजा घ्यायची नाही, वन्सं. शाळेत जा." मी गेले. सकाळभर मुलांना पाढे घोकायला लावले आणि एक अक्षर ऐकलं नाही. ते ऑपरेशन चांगलं झालं. ती आणखी एकवीस वर्षं जगली, धाप कमी झाली, पूर्ण गेली नाही. पन्नाशी तिने पाहिली नाही.

भाचीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने मला एकदा विचारलं, "आत्या, मी झाले तेव्हा तुला आनंद झाला होता का ग?"

काहीतरी छान सांगावं असं वाटलं. मग म्हणाले, "नाही. तेव्हा मी फार दमले होते. आनंद नंतर झाला, तू चालायला लागल्यावर."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आईसुद्धा हेच सांगायची."